पत्र्याखालचं माळवद

तीन पिढ्यांत ज्यातून थेंब गळला नव्हता असं माळवद मी उतरवलं आणि त्या घरावर पत्रे ठोकले. घर माझं नव्हतं, मालीपाटलांचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या पाटलांचं होतं. गाव नेकनूरच्या बाजूचं, जिथं चैत्रातल्या दुपारी कुत्रंसुद्धा भुंकायचं काम संध्याकाळवर टाकतं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं मला अजून बसायला घोंगडी टाकतात, तेवढं राहू द्या.

'माळवदाच्या कामात हयात घालवलेले मिस्त्री' म्हणून संपादकांनी मला चार आठवणी लिहायला सांगितल्या आहेत. हयात घालवली हे खरं आहे. कामं कशी झाली हे त्यांनी विचारलं नाही, आणि ते विचारायच्या आत मी होकार कळवला.

ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. आमच्या निजामी मुलखात त्या काळी घराला कौलं नसायची. छतावर चक्क माती असायची. जाड भिंतींवर तुळया टाकायच्या, तुळयांवर लाकडाच्या फाका शेजारीशेजारी मांडायच्या, त्यांवर लिंबाचा पाला दाबायचा म्हणजे वाळवी नाक मुरडून परत जाते. पाल्यावर भुसा घालून मुरवलेल्या चिखलाचा जाड थर, पायांनी तुडवून तुडवून बसवलेला. आणि सगळ्यांच्या वर पांढरी माती. ही शेतातली माती नव्हे. शेतातली काळी माती छतावर घातली तर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात वर गवत डोलायला लागतं. पांढरी मिळते जुन्या गावठाणाच्या टेकाडावर, जिथं कधीकाळी घरं होती आणि पडून पडून त्यांची माती झाली. ही माती खारट, तिच्यावर गवत धरत नाही, आणि पाणी लागलं की ती फुगून अशी मिटते की थेंबाला आत यायला वाट सापडत नाही. दरसाल मृगाच्या आधी तिचा नवा हात फिरवायचा, उंदरांची बिळं बुजवायची, की घर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मोकळं.

ही पांढरी खणताना बांगडीचे तुकडे निघतात. चुलीची राख निघते, कधी एखाद्या पोराचा मोडक्या शिंगाचा मातीचा बैल निघतो. मी गाड्याच्या गाड्या माती उपसली, पण बांगडीचा तुकडा दिसला की माझं खोरं अजून थांबतं. कुणाची बांगडी, कोणतं राज्य, काही माहीत नाही. तिचं घर पडलं, त्याची माती झाली, आणि आता तीच माती दुसऱ्या कुणाच्या लेकरावर सावली धरणार. या गोष्टीपुढं माझी बडबड आपोआप थांबते. मला ओळखणाऱ्यांना कळेल की हे केवढं आहे.

काम मला नेकनूरच्या करीमउस्तादांनी शिकवलं. मी जन्मल्यापासून माळवदाखालीच राहिलो होतो, पण डोक्यावर काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. उस्तादांनी एका वैशाखात भर दुपारी मला अनवाणी माळवदावर चढवलं. माती तव्यासारखी. मी वर नाचतोय आणि उस्ताद खाली मजेत विडी ओढतायत. मग मला घरात नेलं, शिडीवर चढवलं आणि छताला आतून तळहात लावायला सांगितला. गार. भरल्या रांजणाच्या पोटासारखं गार.

"उस्ताद, वरचं ऊन गेलं कुठं?" मी विचारलं.

"रस्ते में है बेटा," ते म्हणाले. "नीचे पौंचते पौंचते रात हो जाती. फिर वापस चला जाता."

त्या दिवसापासून माळवदाखाली बसलो की मला वाटतं, माझ्या डोक्यावरून ऊन आपलं गाठोडं घेऊन हळूहळू चाललं आहे, आणि त्याला पोचायचं नाही हे त्याला ठाऊक नाही.

उस्ताद चारचौघांत माझी ओळख करून देताना म्हणत, "इसके पाँव अच्छे हैं." माझे पाय फताडे आहेत, चिखल छान तुडवतात. बाकीच्या शरीराबद्दल ते काही बोलत नसत. मी ती स्तुती समजून चालत होतो.

स्वतंत्र कामं घेऊ लागलो तेव्हा पहिलं नाव मी केजला काढलं. तिथं एका पेन्शनर पेशकारसाहेबांचं माळवद केलं. सुंदर झालं. उतार असा, की हाताला कळावा पण डोळ्याला दिसू नये. फक्त छताचं पाणी बाहेर टाकणारं पन्हाळ मी जिथं ठेवलं, त्याच्या बरोबर खाली शेजारणीची चूल येत होती. काम उन्हाळ्यात झालं, तेव्हा हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पावसात ती बाई भिजलेल्या पिठाची परात घेऊन माझ्या बिऱ्हाडी आली आणि म्हणाली, "घे, तुझ्या पन्हाळानं मळलंय, आता तूच थाप." मी भाकरी थापायला शिकलो ती तेव्हा.

पण हे सगळं पत्र्याच्या मानानं किरकोळ.

जालन्याला मी खिळे आणायला गेलो होतो. तिथल्या कापसाच्या जिनिंगवर मी पहिल्यांदा पत्र्याचं छप्पर पाहिलं. एवढं लांबरुंद छप्पर, खाली माती नाही, पाला नाही, चिखल तुडवणं नाही. दोन माणसं वर चढली, ठोकठोक केली, जेवायच्या वेळेला उतरली. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. वर्षानुवर्षं पाय चिखलात घालून मी जे करत होतो ते या लोकांनी हातोडीनं केलं होतं! परतताना गाडीवानाला मी वाटभर पत्र्याचं पुराण सांगितलं. तो बिचारा झोपेत हुंकार देत होता, मला वाटलं पटतंय.

गावी आल्यावर उस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, "अबे, वो डब्बे का ढक्कन है. आदमी डब्बे में रैते क्या?"

मी मनात म्हटलं, उस्ताद म्हातारे झाले.

मालीपाटलांना मात्र माझं बोलणं पटलं. त्यांनी डाकबंगल्यावर पत्रे पाहिले होते आणि तालुक्याचे अंमलदार जिथं उतरतात तसं आपलं घर असावं ही त्यांची जुनी हौस होती. मी म्हणालो, "पाटील, दरसालची माती टाकायची कटकट मिटली. उंदीर न्हाई, वाळवी न्हाई. सरकारी छप्पर!"

पाटलीणबाई दाराआडून म्हणाल्या, "आन माझं वाळवण कुठं घालू? पापड कुठं टाकू?"

"वैनी, पत्र्यावर पापड वाळायची वाट बघावी लागणार न्हाई," मी म्हणालो. "टाकल्या टाकल्या भाजूनच निघतील."

पाटील हसले, मी हसलो. माझ्या सगळ्या आयुष्यात मी एवढं खरं बोललो नव्हतो, आणि ते मी थट्टेत बोललो.

पौषात माळवद उतरवलं. जुन्या तुळया गोठ्यामागं रचून ठेवल्या. पांढऱ्या मातीचं काय करायचं असं पाटलांनी विचारलं, तर मी ती शेतात पसरायला लावली, ज्वारीला चांगली म्हणून. तीन पिढ्यांनी दाबलेली, पावसाची ओळख असलेली माती मी खत म्हणून वाटून टाकली. मग भिंतींवर दोन्ही टोकांना त्रिकोण उचलले आणि वर पत्रे चढवले. ऊन पडलं की ते असे चकाकत की माळावरचा एक धनगर पाणी समजून मेंढरं हाकत गावात आला. नेकनूरच्या बाजारचे लोक वाट वाकडी करून बघायला येत. पाटील त्यांना काठीनं पत्रा वाजवून दाखवत. मी जवळ उभा असे, सहज आल्यासारखा.

मग चैत्र लागला.

पाटलांची थोरली लेक सोना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला मुलगी झाल्याचं मला कळलं होतं. म्हणून पाटलांचा गडी बोलवायला आला तेव्हा मला वाटलं, बारशाचा फेटा बांधणार. मी चांगलं धोतर नेसून गेलो. पाटलांनी रामराम घेतला नाही. माझं मनगट धरलं आणि मला आत नेलं.

त्या घरात मी पौषानंतर गेलो नव्हतो. उंबरा ओलांडला आणि तोंडावर भट्टीचं दार उघडावं तसं झालं. वर पत्रा उन्हानं तापून ताडताड वाजत होता, आणि प्रत्येक आवाजाला आतल्या खोलीत लेकरू दचकत होतं. पाटलीणबाईंनी मला दारातूनच दाखवलं. सुईण ओल्या फडक्यानं त्याचे ओठ पुसत होती. पोर लालबुंद, अंगभर घामोळं, डोळे मिटलेले. सकाळपासून अंगावर पीत नव्हती. रडतही नव्हती, आणि तेच वाईट होतं.

"शेजारी न्या ना," मी म्हणालो. "समोर शिंद्यांचं माळवद हाय, गार हाय."

"सव्वा म्हैना बाळंतीण उंबरा वलांडत न्हाई," सुईण म्हणाली.

पाटलीणबाईंनी दारात हात आडवा धरला. सुईणीनं मला नंतर सांगितलं, त्यांचं स्वतःचं एक लेकरू असंच अवेळी घराबाहेर नेलं आणि ते हाताला लागलं नाही. त्या घरात त्या गोष्टीवर कुणी शब्द काढत नसे. बाळंतीण जागची हलणार नव्हती. जे काही व्हायचं ते तिच्या डोक्यावरच व्हायला हवं होतं.

पाटील अंगणात आल्यावर म्हणाले, "नामा, तुझ्या हातानं झालंय, तुझ्याच हातानं निस्तर. लेकरू चाललंय माझ्या लेकीचं."

मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे माझ्या डोक्याची कल्पना येईल. आधी पत्र्यावर पाणी ओतलं. विहिरी तळाला गेलेल्या असताना घागरीमागून घागर वर चढवली. पत्र्यानं फोडणीसारखा चर्र आवाज केला, वाफ झाली, आणि खालची खोली जास्तच उबली. मग पत्र्यावर कडबा अंथरला. हे बरं होतं, पण वावटळ आली आणि पाटलांचा सगळा कडबा आळीतल्या गुरांना वाटून गेली. गुरांनी तेवढं मला नावाजलं.

शेवटी मी नेकनूरला उस्तादांकडं गेलो. मी काही बोलायच्या आत त्यांनी तट्टावर खोगीर घालायला सांगितलं. ते आले, खोलीबाहेरून भिंत बघितली, काठीनं वर दाखवलं. जुन्या तुळया ज्यांत बसायच्या त्या खाचा भिंतीत तशाच होत्या. मी बुजवायच्या विसरलो होतो. माझ्या सगळ्या कामात तेवढी एक गोष्ट मी केली नव्हती, आणि तीच उपयोगी पडली.

"ढक्कन रैने दे," उस्ताद म्हणाले. "छत्री है. छत्री के नीचे घर बना."

म्हणजे पत्रा काढायचा नाही. त्याच्या खाली, बाळंतिणीच्या खोलीपुरत्या, तुळया परत खाचांत सारायच्या आणि तिथंच माळवद घालायचं. तिच्या खाटेवर घोंगड्यांचं छत धरायचं, म्हणजे अंगावर माती पडणार नाही.

मग त्यांनी विचारलं, "मिट्टी?"

मी शेताकडं बोट दाखवलं. उस्तादांनी माझ्याकडं जे पाहिलं ते मी इथं लिहू शकत नाही.

टेकाडावरून नवी पांढरी आणता आली असती, पण ती चाळून, मुरवून तयार व्हायला वेळ लागतो, आणि लेकरापाशी वेळ नव्हता. मी डोकं धरून बसलो. तेवढ्यात पाटलीणबाई कोपऱ्यातली टोपली उचलून बाहेर पडल्या. त्या आळीत शिरल्या तेव्हा मला कळलं. मृगाची तयारी चैत्रातच सुरू होते. प्रत्येक घरानं आपापल्या माळवदासाठी चाळून तयार केलेली पांढरी शिडीखाली झाकून ठेवली होती. पावसाळ्याआधी ती देऊन टाकायची म्हणजे आपलं छत उघडं ठेवायचं. ते मागायला गडी पाठवून चालणार नव्हतं.

पाटलाची बायको, जिच्या दारात लोक उभे राहत, ती शिंद्यांच्या दारात टोपली घेऊन उभी राहिली. म्हणाली, "बाई, वंजळभर पांढरी दे. माझ्या नातीसाठी मागते."

मी तिच्या मागं होतो. शिंद्यांच्या म्हातारीनं आपली शिडी बाजूला केली आणि सगळीच माती टोपलीत लोटली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गाव आलं. आमच्याकडं अडल्या माणसाच्या कामाला सगळ्यांनी मिळून हात लावायचा रिवाज आहे, त्याला इर्जिक म्हणतात. ती शेताला घालतात, नांगरटीला घालतात. लेकराच्या डोक्यावर घातलेली मी तेवढी एकच पाहिली. तुळया गड्यांनी सारल्या. लिंबाचा पाला पोरांनी झाडं बोडकी करून आणला. आणि माती हातोहात आली, घरोघरच्या टोपल्यांतून, कुणब्यांच्या, मोमिनांच्या, वेशीबाहेरच्या वस्तीतून. टोपली कुणाच्या घरची, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. एरवी विचारलं असतं.

चिखल तुडवायला मी शिरलो. माझेच पाय चांगले. वर पत्रा, खाली चिखल, मध्ये मी, तव्यावर झाकण घातलेल्या भाकरीसारखा. सरळ उभं राहता येत नव्हतं. जरा मान वर केली की पत्रा डोक्याला चटका देई. पागोटं बांधलं तर वाकता येईना, काढलं तर टाळू भाजे. शेवटी ओलं पोतं डोक्यावर घेऊन बैलासारखा गोल गोल फिरत राहिलो.

खालून, घोंगड्यांच्या आडून सोनाचा आवाज आला, थकलेला, पण धार शाबूत.

"नामूकाका, आणिक काय काय पाडायचं हाय माझ्या अंगावर?"

"काय न्हाई बाई, थोडा चिखल गळतोय."

"चिखलाचं न्हाई म्हणत मी. तुमी सोताच पडू नगा मंजी झालं."

बायका हसल्या. त्या घरात कित्येक दिवसांत कुणी हसलं नव्हतं.

चिखलावर घरोघरची पांढरी पसरली, शिंपली, चोपली. टोपली ओतली की मला तिच्यात बांगडीचे बारके तुकडे चमकताना दिसत. कुठल्या कुठल्या घरांची माती, त्या घरांच्या खाली आणखी जुन्या घरांची, सगळी त्या एका खोलीवर येऊन बसत होती. मी वाकलेला होतो म्हणून माझं तोंड कुणाला दिसलं नाही, ते बरं झालं.

उन्हं कलायच्या आत मी खाली उतरलो. ओल्या मातीचा गारवा खोलीत उतरू लागला होता. पत्र्याचा ताडताड आवाज आता लांब कुठंतरी होता, दुसऱ्या गावात असावा तसा. आम्ही सगळे अंगणात बसून होतो. पाटील पायरीवर, उस्ताद बाजेवर, पाटलीणबाई दाराला टेकून.

आणि मग पोर रडली. चांगली सणसणीत, गल्लीला ऐकू जाईल अशी. थोड्या वेळानं आवाज एकदम थांबला. सुईण बाहेर आली, पदर नीट केला, म्हणाली, "पितीया."

पाटील उठून गोठ्याकडं गेले आणि बराच वेळ तिकडंच राहिले. उस्तादांनी आभाळाकडं हात केले. मी माझ्या पायांकडं बघत बसलो. गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि मला तो धुवावासा वाटत नव्हता.

पुढं गंमत झाली. ती खोली उन्हाळ्यात तळघरासारखी गार राहू लागली, कारण वरचा पत्रा ऊन अंगावर घेई आणि मधून वारं वाहे. आणि पावसाळ्यात थेंब गळेना, कारण माळवदावर पाऊसच पडेना. दरसालची माती टाकायचंही काम राहिलं नाही. पाटलांनी सगळं घर तसंच करून घेतलं. टेकाडावरची पांढरी मुरवून घरोघर परतही गेली, मृगाच्या आत, पाटलांच्या गाडीतून. मग आसपासच्या गावांतून लोक बघायला यायला लागले. म्हणाले, नामा मिस्त्रीची शक्कल! मी नाही म्हणालो नाही. तशी घरं मी पुढं पुष्कळ केली, आणि माझं जे काही नाव आहे ते त्यावर आहे. म्हणजे मी चूक केली नसती तर संपादकांनी मला लिहायला सांगितलं नसतं. उस्तादांना जाऊन आता कैक वर्षं झाली. ते असते तर या अंकात काय छापून आलं असतं, याचा मी विचार करत नाही.

त्या पोरीचं नाव गोदा. कडा गावाच्या बाजूला दिली. मध्यंतरी तिच्या नवऱ्यानं घर बांधायला काढलं आणि मला सल्ल्याला बोलावलं. मी आता म्हातारा, कुणी सल्ला विचारला की फेटा नीट करतो. भिंती उभ्या होत्या. जावई म्हणाला, "काका, आता तर शहरात म्हणं शिमिटाची छतं घालतेत. आपण तसंच करावं का? तुमचं डोकं काय म्हणतंय?"

मी घसा साफ केला. शिमिटाबद्दल मी बरंच ऐकलं होतं आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडलंही होतं.

गोदा आतून चहा घेऊन आली. उंच, धिप्पाड बाई, काखेत तिचं लेकरू. तिनं कप माझ्यापुढं ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "त्यांना कावून इचारता? माळवद घालायचं म्हणा आन चढवा वर. काका, डोकं हितं खाली ठिवा. वर नुसते पाय लागतेत."